मी खानदेशात लिंबो बंद केला

जळगावात एका दुपारी, चहा येईपर्यंतच्या वेळात, मी लिंबो बंद करून टाकला. तसा अधिकार मला कोणी दिलेला नव्हता. खुद्द पोपसाहेबांनीही तोवर तसं काही जाहीर केलेलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. पण मी तेव्हा तिशीची होते, वसईच्या शाळेत शिकवत होते, आणि त्याच वर्षी मुंबईला धर्मशिक्षणाचा उन्हाळी वर्ग करून आले होते. त्या वर्गात सायक्लोस्टाइल केलेले कागद वाटत. तेवढे कागद वाचलेलं माणूस काहीही बंद करू शकतं.

लिंबो म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांचं बरं चाललंय. आम्हा कॅथलिकांना लहानपणी शिकवत, की बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडण्याआधी जे मूल मरतं, ते स्वर्गात जात नाही. त्यानं पाप केलेलं नसतं, म्हणून नरकातही जात नाही. त्याच्यासाठी एक तिसरी जागा, ती लिंबो. तिथे दुखत-खुपत नाही, फक्त देव दिसत नाही. आणि असलं मूल पवित्र केलेल्या दफनभूमीत पुरायचं नाही, कुंपणाबाहेर पुरायचं. आमच्या गावी चर्चच्या मागे अशी जागा होती. आम्ही मुली तिथे बोरं वेचायचो, आणि गोड असत म्हणून मुद्दाम तिथलीच वेचायचो.

चर्चमध्ये सुधारणा करायला भरलेली रोमची मोठी परिषद संपून काही वर्षं झाली होती. मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिन सोडून मराठीत आली होती. वेदीकडे तोंड करून उभे राहणारे फादर आता वळून आमच्याकडे बघू लागले होते आणि त्यांना आमच्या जांभया दिसू लागल्या होत्या. ज्यांना हे आवडलं ते स्वतःला पुरोगामी म्हणवत, ज्यांना आवडलं नाही ते नुसते खोकत. मी पहिल्या गटात होते. हे सगळं खानदेशातल्या आमच्या मूठभर माणसांना समजावून सांगायला कोणी जाईल का, अशी विचारणा झाली, तेव्हा मी हात वर केला. पत्ता नकाशावर नंतर शोधला.

जळगाव

प्रवासाचं सांगत नाही; रात्र गाडीत गेली आणि सकाळी अंगावर कोळसा होता. ज्यांच्याकडे उतरले ते रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या मिसेसनी मला पहिल्याच जेवणात गारद केलं. थंडीचे दिवस, बाजारात ती हिरवी लांबोडकी वांगी आलेली. वांगी काट्यांवर भाजून, लाकडी बडग्यानं कुटून, हिरवी मिरची आणि कांद्याच्या पातीसकट केलेलं भरीत, आणि सोबत ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी. आम्ही वसईकर भातावर वाढलेली माणसं. भाकरी म्हणजे आमच्याकडे तांदळाची, पांढरी, लाजरी. ही काळपट भाकरी हातात घेतल्यावर मी विचारलं, "पीठ जळलंय का?" गार्डबाईंनी दुसरी भाकरी वाढली. मी चार खाल्ल्या आणि पीठ जळलेलं नाही हे मान्य केलं.

दुपारी रेल्वे क्वार्टर्समधल्या हॉलमध्ये माझं व्याख्यान होतं. सतरंजीवर बायका, मागे बाकांवर पुरुष. मी परिषदेबद्दल बोलले, मराठी मिस्सेबद्दल बोलले. लोक अत्यंत शांतपणे ऐकत होते, म्हणजे कंटाळले होते. मग मी हुकमी पत्ता काढला. म्हटलं, "लिंबो म्हणजे काय? तर भुसावळ जंक्शनची वेटिंग रूम. बाळं बसली आहेत, सामान नाही, तिकीट नाही, आणि घोषणा काय होते? गाडी अनिश्चित काळासाठी उशिरानं धावत आहे." रेल्वेची माणसं ती. हॉल खदखदून हसला. मी पुढे म्हटलं, "तर मंडळी, ती वेटिंग रूम आता बंद झाली आहे." पुन्हा हसले. एवढ्या यशानंतर मी खाली बसले, पदर सारखा केला, आणि आपण फार थोर आहोत असं मला वाटलं. आज त्या बाईला सतरंजीवरून उठवून कान धरून बाहेर उभं करावंसं वाटतं. पण तिनं ऐकलं नसतं. ती चहाची वाट बघत होती.

चहा आणि केळी फिरू लागली तेव्हा एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. पन्नाशीची, हिरवं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. मार्थाअक्का. राहणारी दोंडाईच्याची, नवरा तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता, दोन वर्षांपूर्वी वारला. जळगावला लेकीकडे आली होती. बोलणं अस्सल खानदेशी, पण सावकाश, म्हणून मला कळत होतं.

"बाई, ते बंद व्हयनं म्हनीसन तुमी सांगं, ते खरं शे का?"

"खरं आहे."

"कोनी बंद करं? पोपनी?"

इथे मी सांगायला हवं होतं, की काही धर्मपंडितांचं तसं मत आहे, चर्चा चालू आहे, कागद सायक्लोस्टाइलचा आहे. मी म्हटलं, "हो. रोमहूनच."

"मंग मना आंडोर कोठे शे?"

आंडोर म्हणजे मुलगा, हे गार्डबाईंनी मागून कुजबुजून सांगितलं. पहिला मुलगा. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मूल जन्मलं तेव्हा बाप्तिस्मा थांबवला होता, कारण नगरकडून गॉडफादर म्हणून दीर यायचा होता, त्याची बाजरी कापणीला आलेली. ती कापून झाल्याशिवाय तो येईना, आणि गॉडफादर आल्याशिवाय जेवणावळ होईना. तेवढ्यात मुलाला ताप आला आणि तो गेला. अडचणीच्या वेळी कोणीही माणूस पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं, घरातली मोलकरीणसुद्धा, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी हे वसईत तिसरीच्या मुलींना शिकवत होते.

"स्वर्गात आहे," मी म्हटलं. नुकतीच त्याला तिथे पोचवून आल्यासारखी.

अक्कानं केळं सोललं, खाल्लं नाही. म्हणाली, "मंग तो भीतना बाहेर काब शे?"

भीत म्हणजे भिंत, काब म्हणजे का, हेही गार्डबाईंनीच सांगितलं. दोंडाईच्याच्या दफनभूमीची मातीची भिंत पावसाळ्यात पडली होती. आता विटा आल्या होत्या आणि सोमवारपासून गवंडी नवी भिंत घालणार होता, जुन्या पायावर. नवऱ्यानं मरताना सांगून ठेवलं होतं, मला भिंतीला लागून ठेवा. म्हणजे आत बाप, बाहेर मुलगा आणि मधे भिंत. मातीची भिंत पडते तरी. विटांची पडणार नाही. गवंड्यानं दोरी फक्त दोन हात बाहेर घ्यायची, मुलगा आत येतो.

"तुमी चला मनासंगे," अक्का म्हणाली. "जे आठे सांगं, ते तठे सांगा."

माझं पुढचं व्याख्यान नाहीतरी धुळ्याला होतं, आणि तिथून दोंडाईचा काही लांब नाही. शिवाय मला वाटलं, बरं झालं, एक जिवंत उदाहरण मिळालं. असं वाटलं होतं हे लिहिताना आजही बोटं आखडतात, पण वाटलं होतं खरं.

धुळे, देवपूर

एसटी एरंडोल-पारोळ्यावरून जाते. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि कापूस, इतका पांढरा की मला आमच्या मिठागरांची आठवण झाली. माझ्या पिशवीत घरून आणलेले सुके बोंबील होते. परक्या मुलखात माणसानं आपलं काहीतरी जवळ ठेवावं. एरंडोलजवळ ड्रायव्हरनं बैलगाडीसाठी ब्रेक मारला आणि माझी पिशवी शेजारच्या मारवाडी काकूंच्या मांडीवर उपडी झाली. पारोळ्याच्या कापडदुकानाच्या मालकीण, जैन, तोंडाला पदर. त्यांनी मांडीवरच्या बोंबलांकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "औषध आहे."

अक्कानं एकेक बोंबील उचलून पिशवीत भरले, चेहरा गंभीर. "औषधच शे वं माय. पन नाक धरीसन घेनं पडस." काकू पारोळ्यापर्यंत उभ्यानं आल्या.

धुळ्यात पांझरा ओलांडली की देवपूर. तिथे त्या भागाचे मुख्य फादर राहत: फादर रॉनी, वय माझ्याएवढंच, अंगात खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. झगा त्यांनी रोमची परिषद व्हायच्या आतच टाकला असावा. दोंडाईच्याची दफनभूमी त्यांच्याच हुकमाखाली होती, म्हणून आधी त्यांच्याकडे.

दारातच त्यांनी आम्हाला थांबवलं. "फादर म्हणू नका. बंधू म्हणा."

अक्का म्हणाली, "बंधू म्हंजे भाऊच ना? भाऊ तं मी एसटीना कंडक्टरले बी म्हनस."

फादर रॉनींना हे फार आवडलं. ते म्हणाले, "लोकांची ईश्वरविद्या ती हीच." मी मान डोलावली. तो माणूस काहीही म्हणाला की मी मान डोलावत होते. मानेला वंगण घातल्यासारखं झालं होतं.

त्यांचं चर्च बघण्यासारखं होतं. बाक काढून चटया टाकलेल्या. वेदी म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच दगड. संत अंतोनीचा पुतळा दिसेना, म्हणून विचारलं, तर कोठारात ज्वारीच्या कणग्यांमागे ठेवला होता. पुतळ्यांमुळे लोकांचं लक्ष विचलित होतं म्हणाले. उंदीर आणि संत यांची सोय एका खोलीत झाली होती. सायंकाळच्या प्रार्थनेला कॉलेजची मुलं आली, एकानं गिटार वाजवली, आणि शेवटी फादरांनी पितळी तबकात निरांजन आणि कापूर लावून पवित्र ग्रंथाला ओवाळलं. भारतीय मातीतली उपासना. मला भरून आलं. आम्हा वसईकरांच्या घरात शेकडो वर्षांत निरांजन नाही, म्हणून ते आम्हाला नवीन आणि सुंदर वाटतं.

अक्का चटईवर बसली होती. निरांजन तिच्यासमोर आलं तेव्हा तिनं हात मागे घेतले. बाहेर आल्यावर म्हणाली, "आमना आजानी हाई बठ्ठं सोडं. तवय गावनी त्याले विहीरवर येऊ दिधं नही. आते फादर सोताच ववाळी राह्यना."

बठ्ठं म्हणजे सगळं, एवढं मला आता कळू लागलं होतं. मी तिला समजावू लागले, की स्थानिक संस्कृतीतली प्रतीकं स्वीकारणं हे परिषदेला अभिप्रेत आहे. अक्कानं विचारलं, आजोबांना हे कोण सांगेल. मी म्हटलं, काळ बदलला. या वाक्याचा मला तेव्हा फार आधार होता. कुठेही बसायचं.

मग भिंतीचा विषय. फादर रॉनींनी लिंबोचं ऐकून हात झटकला. "ते जुनाट खूळ केव्हाच गेलं. अक्का, तुमचा मुलगा देवाच्या मिठीत आहे."

अक्काचा चेहरा खुलला. दोघं धर्म शिकलेले एकच सांगत होते. म्हणाली, मग गवंड्याला चिठ्ठी द्या, दोरी दोन हात बाहेर घ्यायची.

फादर हसले. "भिंत कशाला हलवायची? मी तर भिंतींच्याच विरुद्ध आहे. सगळी धरती पवित्र आहे. आतलं पवित्र, बाहेरचं अपवित्र, हाच तर जुना विचार. आपण भिंत हलवली, तर त्या भिंतीला अर्थ आहे असं आपणच कबूल केल्यासारखं होईल."

"मंग भीत बांधूच नका."

"अक्का, विटा आल्यात. आणि बकऱ्या शिरतात हो आत."

"म्हंजे भीत बकऱ्यासाठे शे."

"अगदी बरोबर. फक्त बकऱ्यांसाठी."

"आनि मना आंडोर बकऱ्यासमा."

फादर रॉनींनी डोळे मिटले आणि म्हणाले, की अक्का, ख्रिस्तसुद्धा नगराच्या वेशीबाहेरच मेला. इतकं सुंदर वाक्य मी त्या वर्षात ऐकलं नव्हतं. अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावून चुकले होते.

दुसऱ्या दिवशी त्याच चटयांवर माझं व्याख्यान झालं. लिंबोचा विनोद मी पुन्हा सांगितला, भुसावळऐवजी चाळीसगाव घालून. अक्का आली नाही. आम्ही उतरलो होतो त्या सिस्टरांच्या स्वयंपाकघरात बसून ती लसूण सोलत होती.

दोंडाईचा

दोंडाईचा आधी नाकाला कळतं. मिरचीचा बाजार, मोकळ्या पटांगणांत लाल गालिचे अंथरल्यासारखी मिरची वाळत घातलेली, आणि वारा आपल्या दिशेनं. स्टँडपासून अक्काच्या घरापर्यंत मी शिंकत गेले. कोणी विचारलं नाही, बाहेरचं माणूस आलं की असंच होतं. घर जिनिंगच्या मागे, छपरावर कापसाचे तंतू चिकटलेले. अक्कानं फुणके केले: डाळ भरडून, मेथी घालून, मुटके वळून वाफवलेले, आणि वर आंबट कढी. मी माझे बोंबील भाजायला काढले. अक्काच्या शेजारणीनं खिडकी लावून घेतली. मग मी फुणके खाल्ले, आणि बोंबील परत वसईला नेले. एवढा प्रवास केलेले बोंबील आमच्या घरात दुसरे नाहीत.

इथले फादर इनास म्हणजे जुनं खोड. गोव्याचे, सत्तरीचे, गळ्यापासून टाचांपर्यंत बटणांचा झगा, त्यावर कोंबड्यांचे पंख. वीस वर्षांपूर्वी अक्काच्या मुलाला भिंतीबाहेर पुरायला लावलं ते ह्यांनीच. आता कारभार फादर रॉनींकडे आणि ह्यांच्याकडे कोंबड्या. वरून हुकूम आला म्हणून त्यांनी वेदी लोकांकडे वळवली होती, पण वेदीवर मधोमध एवढा मोठा क्रूस ठेवला होता, की ना त्यांना लोक दिसत, ना लोकांना ते. हुकूम पाळल्यासारखा होतो.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"लिंबो बंद झाला?"

"हो, फादर."

"मला कोणी कळवलं नाही. तार आली का?"

मी म्हटलं, असं तारेनं येत नसतं, ही धर्मविचारातली उत्क्रांती आहे. पूर्वीची माणसं त्या काळच्या समजुतीप्रमाणे बोलली.

"बरं. पोर त्या काळात मेलं. मग ते कुठल्या समजुतीप्रमाणे गेलं?"

सायक्लोस्टाइलच्या कागदांत हा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, "फादर, आपण कायद्यापेक्षा करुणेकडे बघितलं पाहिजे."

"करुणा," म्हातारा म्हणाला. "बिशपनी ही जमीन पवित्र केली तेव्हा चार कोपऱ्यांना चार दगड रोवले. त्याच्या आत बाप्तिस्मा झालेला माणूस. नियम मी केला नाही. मला आवडायचा असंही नाही. ही बाई त्या दिवशी माझ्या पायरीवर बसली होती, मी तिला हेच सांगितलं. साक्रीपासून शिंदखेड्यापर्यंत किती आया अशा बसल्या माझ्या पायरीवर. सगळ्यांना हेच सांगितलं. आज तू वसईहून येतेस आणि म्हणतेस, ते तसं नव्हतंच. मग मी त्यांच्याशी काय केलं?"

मी काही बोलायला तोंड उघडलं. अक्का म्हणाली, "बाई, ऱ्हाऊ द्या."

बाहेर पडताना माझ्या ध्यानात आलं: धुळ्याचा म्हणतो जमीन सगळीच पवित्र, म्हणून भिंत हलणार नाही. दोंडाईच्याचा म्हणतो जमीन आतलीच पवित्र, म्हणून भिंत हलणार नाही. एकानं गिटार लावून नाही म्हटलं, दुसऱ्यानं कोंबड्या हाकत. अक्काच्या दृष्टीनं रोमची परिषद झालीच नव्हती.

सोमवारी सकाळी आम्ही दफनभूमीत गेलो. गावाबाहेर, एक निंब, थोडे क्रूस. पडलेल्या भिंतीपलीकडे चुना लावलेला एक दगड होता, नारळाएवढा. अलीकडे फिटरची कबर, क्रूसवर नाव. उस्मानभाई गवंड्यानं जुन्या पायावर दोरी ताणली होती. अक्का गेली आणि दोरीखाली, पायाच्या चरात, मांडी घालून बसली.

"अक्का, उठो ना," उस्मानभाई म्हणाला. "दोरी हिल रही."

"दोरी तठून ले," अक्का म्हणाली आणि दगडापलीकडे बोट केलं.

"मेरे को क्या, मैं ले लेता. पर हुकूम किसका?"

अक्कानं माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाई वसईथून येल शेत. रोमनं बठ्ठं ह्यासले माहीत शे. ह्या सांगतीन."

उस्मानभाईनं ओळंबा खाली ठेवला. "बाई, आप बोलो. कहाँ से लूँ?"

साधा प्रश्न. ज्या बाईनं जळगावात स्वर्गाचा निकाल एका वाक्यात लावला होता, तिला दोन हात विटांचा निकाल लावायचा होता. धुळ्याच्या फादरांना राग येईल, ते वर कळवतील, पुढच्या वर्षी आपल्याला कुठे पाठवणार नाहीत, हे सगळं माझ्या डोक्यातून फिरून आलं. मी म्हटलं, "मला वाटतं, फादरांना विचारायला हवं."

अक्का हलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं पदर डोक्यावर ओढला, कारण ऊन चढू लागलं होतं. उस्मानभाईनं बिडी पेटवली. मी निंबाखाली उभी राहिले. सावलीत.

कोणी सांगितलं कोण जाणे, फादर इनास आले. झग्याची खालची किनार धुळीनं पिवळी. ते चराशी उभे राहिले, अक्काकडे बघितलं, फिटरच्या कबरीकडे बघितलं, दगडाकडे बघायला त्यांना वेळ लागला.

"उस्मान," ते म्हणाले, "बकऱ्या कुठून शिरतात?"

उस्मानभाईनं चहूकडे बघितलं. बकरी एकही नव्हती. "इधर से, फादर," तो म्हणाला. हुशार माणूस.

"मग दोरी बाहेर घे. दोन हात. अडीच घे. तो दगड अडचण करतोय, तो आत येऊ दे."

अक्का उठली. लुगड्याची माती तिनं झटकली नाही.

फादर माझ्याकडे वळले. "मी हे बकऱ्यांसाठी केलं. लिंबोबद्दल माझं मत बदललेलं नाही. तुझ्या वर्गात तसं सांग." मग अक्काला, खाली बघत, "नाव काय ठेवणार होता?"

"जोसेफ."

"तेव्हा विचारलं नव्हतं मी."

"नही," अक्का म्हणाली.

त्यांनी पाणी शिंपडलं नाही, प्रार्थना म्हटली नाही. ओठ हलत होते, पण ते लॅटिन होतं की मराठी, मला ऐकू आलं नाही. मग कोंबड्या सुटल्या असतील म्हणून घाईनं गेले.

ती भिंत अजून आहे म्हणतात; एका जागी पोट आल्यासारखी बाहेर आलेली. फादर रॉनी महिन्याभरानं तिथे गेले, त्यांना ती फार आवडली, आणि लोकांनी स्वतः वाकवलेली भिंत या विषयावर ते पुढे बरीच वर्षं शिबिरांतून बोलत. त्यांच्या भाषणात फादर इनास नव्हते, बकऱ्याही नव्हत्या. माझ्या भाषणात दोन्ही होतं, फक्त निंबाखाली कोण उभं होतं ते मी सांगत नसे. उलट दोरी बाहेर घ्यायला मीच सांगितलं असा ऐकणाऱ्याचा समज झाला, तर तो मी मोडत नसे.

परतीची गाडी सुरत-भुसावळ मार्गावरची, दुपारची. अक्का स्टेशनवर पोचवायला आली. सोबत बिबड्यांची चवड, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. ज्वारीचे हे पापड आमच्याकडे होत नाहीत म्हणून. गाडी दिसू लागली तेव्हा मला राहवलं नाही. आभाराचे दोन शब्द येतील अशा बेतानं मी विचारलं, "अक्का, आता मनाला बरं वाटतं ना?"

अक्कानं फडक्याची गाठ पुन्हा आवळली आणि ते माझ्या हातात दिलं.

"भीतनं चांगलं व्हयनं," ती म्हणाली. "पन बाई, जळगावले तुमी पोरंसनं सांगं, तवय बठ्ठा हासनात. मी बी हासनू. ते माले आजून टोचस."